सी ड्राइव्ह सरकवला अन् लॅपटॉप उठेना: तासगावच्या एका ड्युअल बूटची केस

ऑक्टोबर महिना, १८ तारीख, सकाळी पावणेसातला भाच्याचा फोन. हा पोरगा सुट्टीत दहाच्या आत उठत नाही, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघितलं तेव्हाच म्हणलं काहीतरी राडा झालाय. "मामा, झोपलाय का?" एवढं बोलून गप्प. मग हळू आवाजात, "लॅपटॉप चालू होईना ओ. काळी स्क्रीन आलीय, अननोन फाइलसिस्टिम म्हणतोय आणि खाली ग्रब रेस्क्यू." काय केलंस विचारलं तर म्हणे काही नाही. आता पंधरा वर्षं कॉम्प्युटर सपोर्टची भाकरी खातोय मी, हे "काही नाही" रोज ऐकतो, त्यामुळे पाच मिनिटं शांत बसलो आणि मग सगळं बाहेर आलं. रात्री साडेदहा ते पहाटे तीन साहेब जीपार्टेड (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, लहानमोठी करायचं सॉफ्टवेअर) घेऊन बसले होते.

लॅपटॉप नुसता पोराचा असता तर म्हणलं असतं दिवाळीला येतो तेव्हा बघू. पण दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे, दुकानाची टॅली त्याच मशीनवर विंडोजमध्ये, आणि जीएसटीचं ३बी रिटर्न २० तारखेच्या आत भरायचं. त्यात तासगावात ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाच्या छाटणीचा सीझन, दुकानात औषधं आणि खताला रांग, बिलं हातानं फाडायची पाळी आलेली. "पप्पांना अजून सांगितलं नाही" हे त्यानं तीनदा सांगितलं. गल्लीतल्या रिपेअरवाल्याला आदल्या... नाही, त्याच सकाळी फोन करून झाला होता, त्याचं उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही.

मी पुण्यात, मशीन तासगावात, मध्ये एक व्हॉट्सअॅप व्हिडिओ कॉल. पुढचं सगळं असंच झालं.

मशीन आधी कसं होतं

२०१३ चा लॅपटॉप, विंडोज ७ घालून आलेला, नंतर १० ला अपग्रेड झाला. ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, म्हणजे प्रत्यक्षात दिसते ४६५. मशीन सुरू करायची जुनी बायॉस पद्धत, यूईएफआय ही नवी पद्धत वगैरे काही नाही, पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन कुठं सुरू होतं त्याची यादी) जुन्या एमबीआर जातीचं. २०१७ ला मीच त्यावर विंडोजच्या जोडीला उबुंटू १६.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं होतं, म्हणजे चालू करताना ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम दोन्हीतलं कोणतं सुरू करायचं ते विचारतो, हेच ड्युअल बूट, नंतर तो अपग्रेड करत करत २०.०४ वर आलेला. म्हणजे या पापात माझाही वाटा आहे.

एमबीआरमध्ये पार्टिशनच्या टेबलाला एकूण ६४ बाइटची जागा, एका नोंदीला १६ बाइट, म्हणून चारच नोंदी. इथं पहिली १०० एमबीची सिस्टिम रिझर्व्ह्ड (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींची), दुसरी कंपनीची १५ जीबीची रिकव्हरी, तिसरी सी ड्राइव्ह १२० जीबी, आणि चौथी एक्स्टेंडेड, म्हणजे नुसता डबा, ज्याच्या पोटात बाकीची लॉजिकल पार्टिशनं. पोटातल्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात. पाच म्हणजे डी ड्राइव्ह २२० जीबी, सहा म्हणजे ई ५० जीबी, सात म्हणजे उबुंटू ५६ जीबी, आठ म्हणजे ४ जीबीचा स्वॅप (मेमरी कमी पडली की उबुंटू वापरतो ती जागा). हे नंबर लक्षात ठेवा, सगळा तमाशा त्यांच्यावरच आहे.

सी ड्राइव्ह लाल झाला होता, दोन-अडीच जीबी शिल्लक, टॅली रडत होती. आणि पोराला उबुंटूमध्ये अँड्रॉइड स्टुडिओ टाकायचा होता, तिकडंही जागा नाही. मग त्यानं एका दगडात दोन पक्षी मारायचे ठरवले. ईमधलं सामान डीमध्ये हलवलं, उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारा उबुंटू) मशीन चालू केलं, जीपार्टेड उघडलं. रिकव्हरी उडवली, सी ड्राइव्ह १५ जीबी डावीकडं सरकवून तेवढाच वाढवला. ई उडवला, उबुंटू डावीकडं ओढून मोठा केला. स्वॅपवर किल्लीचं चिन्ह दिसत होतं (लाइव्ह सिस्टिम डिस्कवरचा स्वॅप परस्पर वापरायला घेते), त्यामुळे एक्स्टेंडेडमधलं काही हलेना, म्हणून स्वॅपऑफ केला आणि मग मोठाच करायचाय म्हणून उडवून नवा ८ जीबीचा बनवला.

एक मान्य करतो, त्यानं फास्ट स्टार्टअप आधी बंद केला होता. विंडोज नीट बंद न होता अर्धवट झोपलेलं असताना एनटीएफएसला (विंडोजच्या फाइल सिस्टिमला) हात लावला की काय होतं ते मी बघितलंय. पण सी ड्राइव्हची सुरुवात सरकवताना जीपार्टेड स्वतःहून चौकट दाखवतो, की बाबा असं केलं तर सिस्टिम बूट न होण्याची शक्यता आहे, विशेषतः विंडोजचा सी किंवा लिनक्सचा बूट असलेलं पार्टिशन हलवलं तर. ती चौकट आली होती का विचारलं. "आली होती. ओके केलं." आणि हे सगळं बॅटरी दहा मिनिटं टिकते अशा लॅपटॉपवर, इन्व्हर्टर नसलेल्या घरात. पार्टिशन सरकत असताना लाईट गेली असती तर अर्धा डेटा नव्या जागी, अर्धा जुन्या जागी, आणि कुठवर आलो होतो हे सांगणारं कुणी नाही. त्या रात्री महावितरणची कृपा.

आधी डेटा, मग बाकीचं

पहिला नियम, दुरुस्तीला हात लावायच्या आधी जे गेलं तर दाजी घराबाहेर काढतील ते बाजूला काढायचं. त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून परत चालू करायला लावलं, फाइल मॅनेजरमधून सी ड्राइव्ह उघडायला सांगितला. उघडला. फोल्डर दिसले. टॅलीचा डेटा फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केला, जेमतेम ७०० एमबी, पण तो कॉपी होईपर्यंत दोघंही बोलत नव्हतो. मग डीमधून दुकानाच्या बिलांचे स्कॅन आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो. हे झाल्यावर मला चहा प्यावासा वाटला.

फाइली दिसतायत म्हणजे डेटा शाबूत, फाइल सिस्टिम शाबूत, फक्त सुरू करणाऱ्यांना वाट सापडेना. मग टर्मिनल उघडून डिस्कवरची पार्टिशनं दाखवणारी एलएसबीएलके कमांड द्यायला लावली, शेवटी डॅश एफ लावून, आणि स्क्रीनचा फोटो मागवला. फोटोत एक नंबर, मग तीन, चार, मग पाच, सहा, सात. दोन गायब आणि आठही गायब.

दोन गायब झाला पण तीन तीनच राहिला, कारण वरच्या चार जागा म्हणजे एसटीतल्या नंबर टाकलेल्या सीटसारख्या, दोनवरचा उठला म्हणून तीनवरचा सरकत नाही. पण लॉजिकलचं तसं नाही, ती एकामागं एक साखळीत असतात आणि मोजूनच नंबर पडतो. रेशनच्या रांगेतून सहावा माणूस निघून गेला की सातवा सहावा होतो. तसा सातवा उबुंटू आता सहावा झाला होता आणि सातव्या जागेवर नवा स्वॅप येऊन बसला होता.

तिघांचे तीन पत्ते

इथं मला जे कळलं ते असं, की बिघाड एक नव्हता, तीन होते, आणि तिन्हीचं कारण एकच असलं तरी औषध वेगवेगळं. आपल्याकडं एखाद्याचं घर तीन प्रकारे सांगतात. एक म्हणतो ओढ्याच्या पुढं सातवं घर. दुसरा म्हणतो पाटलांचं घर विचारा. तिसरा म्हणतो स्टँडपासून दोनशे पावलं चाला. मधलं एक घर पडलं की पहिला चुकतो, पाटलांनी घर विकलं की दुसरा चुकतो, स्टँडच पुढंमागं झालं की तिसरा चुकतो. डिस्कवर पण अगदी हेच आहे. ग्रबचा पहिला तुकडा उबुंटूला नंबरावरून शोधतो, सातवं पार्टिशन. उबुंटू एकदा सुरू झाला की तो आपली पार्टिशनं नावावरून शोधतो, म्हणजे यूयूआयडी, ३६ अक्षरांचा लांबलचक ओळखक्रमांक. आणि एमबीआर डिस्कवर विंडोजचा बूट मॅनेजर सी ड्राइव्ह शोधतो तो डिस्कची सही आणि सुरुवातीपासूनचं अंतर यावरून. पोरानं एका रात्रीत नंबर बदलला, स्वॅप नवा करून नाव बदललं आणि सी सरकवून अंतर बदललं. कुणाला सोडलं नाही.

एरर मेसेजचा अर्थ आता लागतो. ग्रब जाऊन सातव्या दारात उभा राहिला, तिथं उबुंटूच्या जागी स्वॅप, त्यात फाइल सिस्टिमच नाही, म्हणून अननोन फाइलसिस्टिम. स्वॅप नव्यानं बनवलाच नसता तर सातवं दारच नसतं आणि नो सच पार्टिशन असा मेसेज आला असता. मेसेज नीट वाचला की अर्धं काम होतं पण लोक फोनवर "काहीतरी एरर आलाय" एवढंच सांगतात.

ग्रब रेस्क्यू, फोनवरून

पेनड्राइव्ह काढून मशीन परत चालू केलं. लाइव्हमधूनच ग्रब नव्यानं बसवता आला असता, खोटं कशाला बोला, आणि बूट-रिपेअर नावाचं एक टूलही मिळतं, एक बटण दाबलं की ते सगळं स्वतःच करतं. पण मला आधी निदान पक्कं करायचं होतं, आणि रेस्क्यूमध्ये टाइप केलेलं काही डिस्कवर लिहिलं जात नाही, चुकलं तर बंद करून परत चालू, एवढंच. शिकवायलाही बरं.

रेस्क्यू म्हणजे अगदी तुटपुंजी अवस्था. टॅब दाबून शब्द पूर्ण होत नाही, मदत मागायला हेल्प नाही, चारच कमांड. पहिली एलएस. त्यानं वाचून दाखवलं, एचडी०, मग एमएसडॉस७, ६, ५, ३, १. म्हणलं आता एलएस, स्पेस, कंस सुरू, एचडी०, स्वल्पविराम, एमएसडॉस६, कंस पूर्ण, स्लॅश.

"मामा, एरर आला."

व्हिडिओ कॅमेरा स्क्रीनकडं वळवायला लावला. स्वल्पविरामानंतर त्यानं स्पेस दिली होती, शाळेत शिकवलं तशी. स्पेस काढली, आणि यादी आली, लॉस्ट+फाउंड, ईटीसी, बूट, होम, व्हार. पाच नंबरवर आणि तीन नंबरवर हेच केलं तर अननोन फाइलसिस्टिम येतं, आणि तिथं ते येणं बरोबरच आहे, कारण ग्रबच्या त्या पहिल्या तुकड्याला उबुंटूची फाइल सिस्टिम तेवढी वाचता येते, एनटीएफएस वाचायचं मॉड्यूल अजून लोडच झालेलं नसतं. त्यावरून सी ड्राइव्ह उडाला म्हणून छाती बडवू नये.

मग सेट, स्पेस, प्रीफिक्स, बरोबरचं चिन्ह, तोच कंस सहा नंबरचा, स्लॅश बूट, स्लॅश ग्रब. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडं पलीकडं स्पेस नाही. दुसरी ओळ सेट रूट, बरोबर, तोच कंस. तिसरी इन्समॉड नॉर्मल. इथं पहिल्यांदा फाइल नॉट फाउंड आलं कारण त्यानं ग्रबच्या स्पेलिंगमध्ये शेवटी बीच्या जागी पी घातला होता. परत. या वेळी काहीच आलं नाही, नुसती नवी ओळ. "काहीच झालं नाही ओ." म्हणलं लेका, काही न होणं हेच झालं. आता नुसतं नॉर्मल लिही आणि एंटर मार.

जांभळी स्क्रीन आणि मेनू. पलीकडून पोरगा ओरडला आणि मागून बहिणीचा आवाज, "कुणाशी बोलतोयस रे एवढ्या सकाळी?"

मेनूमधून उबुंटू निवडल्यावर तो का चालला, जुना सात नंबर तर कॉन्फिग फाइलमध्ये पण लिहिलेला होता? कारण तिथं नंबर फक्त इशारा म्हणून असतो, खरा शोध यूयूआयडीवरून होतो, आणि पार्टिशन सरकवलं किंवा वाढवलं तरी यूयूआयडी बदलत नाही. तो बदलतो नव्यानं फॉरमॅट केलं तर. हा फरक पुढच्या दुखण्याला लगेच उपयोगी पडला.

उबुंटू आला पण रेंगाळत

लोगो फिरत राहिला. एक मिनिट, दीड मिनिट. पोराला वाटलं परत लटकलं, बटण दाबून बंद करणार होता, थांबवलं. एस्केप दाबायला सांगितलं म्हणजे लोगोच्या मागचं बोलणं दिसतं. आधी सस्पेंड-रिझ्यूम डिव्हाइसची वाट बघून कंटाळलो अशा अर्थाची ओळ, मग स्टार्ट जॉब चालू आहे म्हणून सेकंद मोजणारी ओळ, कमाल मर्यादा दीड मिनिट. जुन्या स्वॅपचं नाव घेऊन हाका मारत होता बिचारा. तो स्वॅप तर पोरानं रात्रीच पुसला. नव्याची साइज वेगळी ते ठीक, पण नावही नवं.

डेस्कटॉप आल्यावर सुडो ब्लकआयडी देऊन नव्या स्वॅपचा यूयूआयडी काढला. ईटीसीमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कुठली पार्टिशनं घ्यायची त्याची यादी) जुना होता तिथं नवा घातला. हाताने टाइप करू नको, कॉपी पेस्ट कर, ३६ अक्षरात एक चुकलं तर परत तेच. बहुतेक लोक इथं थांबतात आणि मग तक्रार करतात की अजून अर्धा मिनिट जातोच. कारण जुन्या इन्स्टॉलमध्ये अजून एक फाइल असते, इनिट-रॅमएफएसच्या (बूटच्या अगदी सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा छोटा संच) कॉन्फिगमध्ये रिझ्यूम नावाची, तिच्यातही स्वॅपचं नाव लिहिलेलं असतं, हायबरनेटमधून उठायचं तर कुठून उठायचं त्यासाठी. तिथंही बदललं आणि अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू चालवलं. १७.०४ पासून उबुंटू स्वॅप पार्टिशनऐवजी फाइल करतो त्यामुळे नव्या मशीनवर ही भानगडच नसते. माझ्या २०१७ च्या हुशारीचं हे फळ.

मग ग्रब कायमचा बसवणे, कारण आत्तापर्यंत जे टाइप केलं ते एका बूटपुरतं. ग्रब-इन्स्टॉल, स्पेस, डेव्ह एसडीए. त्यानं पुढं ६ लावला, कारण सकाळपासून मी सहा सहा करत होतो. लगेच भला मोठा इशारा आला, इथं एम्बेड करता येत नाही, ब्लॉकलिस्टवर भागवावं लागेल आणि त्या भरवशाच्या नाहीत. म्हणलं नंबर काढ. ग्रब पार्टिशनमध्ये बसवायचा नसतो, पूर्ण डिस्कवर बसवायचा, त्याचा पहिला तुकडा अगदी पहिल्या सेक्टरात आणि मुख्य भाग पहिलं पार्टिशन सुरू व्हायच्या आधीच्या मोकळ्या पट्ट्यात. तिथं आता सातऐवजी सहा लिहिलं गेलं. वर अपडेट-ग्रब. यादीत विंडोज १० सापडलं असं त्यानं वाचून दाखवलं.

(नवीन उबुंटूवर, २२.०४ आणि पुढं, ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो, त्यामुळे अपडेट-ग्रब केल्यावर विंडोज मेनूतून गायब झालं म्हणून घाबरू नका, डिफॉल्टच्या ग्रब फाइलमध्ये ते चालू करायची एक ओळ आहे.)

विंडोजची निळी स्क्रीन

पोराला वाटलं संपलं. मला माहीत होतं आता खरं दाजीवालं काम आहे. मेनूतून विंडोज निवडलं, निळी स्क्रीन, पीसी रिपेअर करावा लागेल, लागणारं डिव्हाइस जोडलेलं नाही किंवा पोचता येत नाही, आणि एरर कोड, सी नंतर नुसती शून्यं आणि शेवटी ई.

ही स्क्रीन बघून मी खूश झालो, पोरगा रडकुंडीला. खूश अशासाठी की ही स्क्रीन विंडोजचा बूट मॅनेजरच दाखवतो. म्हणजे ग्रबनं सिस्टिम रिझर्व्ह्डला हात दिला, तिथून बूट मॅनेजर उठला, त्यानं आपली बीसीडी नावाची वही उघडली आणि वहीतल्या अंतरावर जाऊन बघितलं तर सी ड्राइव्ह तिथून १५ जीबी आधीच सुरू झालेला. फक्त शेवटचा पत्ता चुकीचा.

यूट्यूबवर या एररसाठी बूटरेक फिक्स एमबीआर करा असं सांगणारे ढीगभर आहेत. करू नका. बिघाड एमबीआरमध्ये, म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरात नाहीच, त्या कमांडनं बीसीडी सुधारणार नाही पण पहिल्या सेक्टरातला ग्रब मात्र पुसला जाईल, म्हणजे सकाळची सगळी मेहनत ओढ्यात. ग्रब चालत असेल तर एमबीआरला हात लावायचं कारणच नाही.

विंडोज १० चा इन्स्टॉल पेनड्राइव्ह लागणार होता. रिकव्हरी पार्टिशन तर गेलेलं. पोराच्या मित्राकडं सांगलीत होता, तो आणायला गाडीवर गेला, येईपर्यंत तीन वाजले, तोवर दाजींना कळलंच होतं. दाजी काही बोलले नाहीत म्हणे, नुसते लॅपटॉपकडं बघून दुकानात गेले. ते जास्त लागतं.

पेनड्राइव्हवरून चालू केलं, इन्स्टॉल नाऊवर नाही, खाली कोपऱ्यात रिपेअर, ट्रबलशूट, कमांड प्रॉम्प्ट. आणि इथं पहिला सापळा म्हणजे ड्राइव्हची अक्षरं. या रिपेअरच्या वातावरणात सी म्हणजे तुमचा सी असेलच असं नाही. डिस्कपार्टमध्ये लिस्ट व्हॉल्यूम करायला लावलं तर १०० एमबीवाल्याला सी मिळालं होतं, खऱ्या विंडोजला डी, आणि डेटावाल्या डीला ई. डीआयआर डी कोलन करून विंडोज आणि युझर्स फोल्डर डोळ्यांनी बघून घेतले, मगच पुढं.

मग नुसतं बीसीडीएडिट. दोन गठ्ठे आले. पहिल्यात बूट मॅनेजर, डिव्हाइसपुढं पार्टिशन सी, बरोबर, कारण ते १०० एमबीचं पार्टिशन हललंच नव्हतं. दुसऱ्यात विंडोजचा लोडर, डिव्हाइसपुढं अननोन, ओएसडिव्हाइसपुढं अननोन. सकाळपासून ज्याचा अंदाज बांधत होतो ते एका शब्दात समोर. त्याला म्हणलं स्क्रीनशॉट काढ, मग लक्षात आलं इथं कसला स्क्रीनशॉट, मोबाइलनं फोटो काढ.

औषध दोन ओळींचं. बीसीडीएडिट, स्पेस, स्लॅश सेट, स्पेस, महिरपी कंसात डिफॉल्ट, स्पेस, डिव्हाइस, स्पेस, पार्टिशन बरोबर डी कोलन. मग परत तीच ओळ, डिव्हाइसच्या जागी ओएसडिव्हाइस. दोन्ही वेळा ऑपरेशन यशस्वी. डी लिहितोय म्हणून तो घाबरला, विंडोज उद्या डी होईल का म्हणून. नाही होत, अक्षर फक्त आत्ता बोट दाखवायला, वहीत लिहिलं जातं ते अंतरच. बीसीडीबूट वापरून वही नव्यानं लिहूनही चाललं असतं, पण जिथं दोन शब्द खोडायचेत तिथं आख्खी वही कशाला बदला.

पेनड्राइव्ह काढला, रिस्टार्ट, मेनू, विंडोज. परत काळी स्क्रीन आली पण या वेळी चेकडिस्कची, एनटीएफएसची साइज बदलली की पहिल्या बूटला ती तपासणी लागतेच. ती एका आकड्यावर बराच वेळ अडकून बसली, कुणी बटणाला हात लावायचा नाही असं मी फोनवरून दरडावत होतो. पंचवीस मिनिटांनी लॉगिन. टॅली उघडली, आदल्या दिवशीचं शेवटचं व्हाउचर जागेवर.

उरलंसुरलं

दाजी टेबलावर बसले आणि म्हणाले, "हे घड्याळ सकाळचे अकरा कसं दाखवतंय?" तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले होते. बरोबर साडेपाच तासांचा फरक बघितला की समजायचं, लिनक्सनं मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहिली आणि विंडोजनं ती स्थानिक समजून वाचली. घरच्या उबुंटूला मी स्थानिक वेळ ठेवायला सांगून ठेवलं होतं, पण लाइव्ह पेनड्राइव्हला ते कुठून माहीत, त्यानं नेटवरून वेळ घेऊन घड्याळात आपल्या पद्धतीनं लिहिली. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिंक नाऊ दाबून सुटलं. दाजींचं म्हणणं, राहू दे की तसंच, दिवस परत मिळतोय.

यूईएफआय आणि जीपीटीवालं (एमबीआरच्या जागी आलेलं नवं पार्टिशन टेबल) नवं मशीन असतं तर यातलं बरंचसं घडलंच नसतं. तिथं लॉजिकल ही भानगड नाही, नेहमीच्या मांडणीत १२८ नोंदींची जागा असते आणि बीसीडीत अंतर नसतं, पार्टिशनचा स्वतःचा आयडी असतो, त्यामुळे सी सरकला तरी सहसा सापडतो. पण तिथं दुसरं मरण, ती बारकी ईएफआय पार्टिशन निरुपयोगी समजून उडवली की दोन्ही सिस्टिम एकदम जातात, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवूनच जीपार्टेड उघडायचं.

जाता जाता पोराकडून पार्टिशन टेबलाची नक्कल काढून घेतली, एसएफडिस्क डॅश डीनं, दहाबारा ओळींची टेक्स्ट फाइल, मला मेल केली. ३बी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलं.

रात्री परत त्याचा फोन. सी ड्राइव्ह मुळात भरला कशानं ते बघत होता म्हणे, मी सांगितलं होतं बघायला. डाउनलोड्स फोल्डरमध्ये एका गेमचा सेटअप सापडला, ३१ जीबी. इन्स्टॉल करून वर्ष झालं होतं, आणि गेम डीमध्ये होता.